सड्यावरची मुलाखत

टाळेबंदीच्या त्या दिवसांत आमच्या गावात मोबाइलची रेंज एकाच ठिकाणी भरवशाची होती: घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, काजूच्या झाडाखाली. हे मी अंदाजाने सांगत नाही. फोन हातात धरून मी सगळा सडा पालथा घातला होता. पुण्यातले वसतिगृह बंद झाल्याने मी एम.एस्सी.चे शेवटचे सत्र अर्धवट सोडून घरी आले होते. ज्या संशोधन संस्थेत पीएच.डी. करण्याचे मी कधीपासून मनाशी धरले होते, तिची मुलाखत आता ऑनलाइन होणार होती. मला हव्या असलेल्या प्रकल्पात जागा एकच होती.

तयारीत मी कसर ठेवली नव्हती. बॅटरी, हेडफोन, उन्हासाठी छत्री, जांभ्या दगडाचा चटका बसू नये म्हणून गोधडी. विचार राहून गेला तो काकांचा.

काका गावात गाऱ्हाणे घालतात. आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो की क्रिकेटचे सामने भरवायचे असोत, आधी नारळ ठेवून देवाकडे मोठ्याने मागणे मागायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा. त्या दिवशीही काका तोंडाला उपरणे बांधून, नारळ घेऊन हजर झाले. मागे आई आणि शेजारच्या दोन काकू, एकमेकींपासून नियमाप्रमाणे लांब उभ्या. अंतर राखल्यामुळे प्रत्येकीला ओरडणे भागच होते.

“काका, आता नको. कधीही बोलावतील.”

“अगो, म्हनून तर आता! परीक्षा झाल्यावर गाऱ्हाना घालून काय उपेग?”

तर्क बिनतोड होता. मी हेडफोन काढला, माइक बंद केला आणि हात जोडले. निदान बंद केला असे मला वाटले. उन्हात स्क्रीनवर माझ्याच चेहऱ्याखेरीज काही दिसत नव्हते.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेक मोबायलात परीक्षेस बसलीय.”

“व्हय म्हाराजा!”

“समोर जे कोन सायब बसले असतील, त्यांची मती ठिकानावर ठेव.”

“व्हय म्हाराजा!”

“त्यांच्या मनात कायी वाकडा असंल, तर ता सरळ कर!”

तिसरा होकार सर्वांत दणदणीत होता. मी हेडफोन कानाला लावला, तर आत कोणीतरी हसू दाबत होते. मग समितीच्या अध्यक्षबाई शांतपणे मराठीत म्हणाल्या, “आमची मती ठिकाणावर आली असेल, तर सुरुवात करू या का?”

मी माफी मागू लागले. त्यांनी मला थांबवले. “माफी राहू द्या. गाऱ्हाण्याचा निकालावर परिणाम होतो का, हे तपासायचं असेल तर प्रयोग कसा आखाल?”

प्रश्न हातात आला आणि माझी भीती गेली. उमेदवारांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकासाठी गाऱ्हाणे घालावे, दुसऱ्यासाठी नाही; मात्र कोण कुठल्या गटात आहे, हे परीक्षकांना कळता कामा नये. “आणि तुम्हाला तर ते ऐकूच आलं आहे,” मी म्हणाले, “तेव्हा मला वगळावं लागेल.”

पलीकडे मोकळे हसू उमटले. अलीकडे काका उसळले. “वगळा? अगो, स्वतःच्या तोंडानं सांगतेस मला वगळा म्हनून?”

पुढची मुलाखत रीतसर इंग्रजीत आणि बरीच कठीण झाली. काका मात्र निकाल लागेपर्यंत माझ्याशी तुटकच बोलत होते. देवाने दिलेले मी परत केले, हे त्यांचे मत आईमार्फत माझ्यापर्यंत पोहोचत असे.

निकाल आला तेव्हा मृग तोंडावर होता. माझी निवड झाली होती. पहिले सत्र मात्र ऑनलाइन, घरूनच. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि आभाळाकडे पाहिले.

“म्हंजे पावसात सड्यावर बसनार तू? खोप बांधूक हवी. दार कुठं ठेवू?”

“वारा नैर्ऋत्येचा, तेव्हा ईशान्येला.”

“दार पूर्वेलाच ठेवतात!”

वाद मिटला नाही. बांबू मात्र त्याच संध्याकाळी सड्यावर आले.