टाकळ्याचं एक फूल

घटाची पाचवी माळ अर्धी बांधून झालीय आणि छबूबाईचे डोळे मिटायला लागलेत. मिटणारच. टेकडीवरचा सगळा तरवड प्लॉटवाल्यांनी उपटून टाकल्यापासून ह्या पिवळ्या फुलांसाठी तिला कालव्यापर्यंत तंगडतोड करावी लागते. दुपारच्या सावलीत, ओट्यावर भिंतीला टेकून, ती एक फूल बांधते आणि एक डुलकी घेते.

"गाठ ढिली हाय."

शेजारी गोजराआक्का बसलीय. तिची थोरली जाऊ. पौषात वारली, आणि आज अशी बसलीय, जणू मघाशी पाणी प्यायला आत जाऊन आलीय.

गेल्या नवरात्रात आक्का डोळ्यांनी अधू होऊन बाजेवर पडली होती. कालव्यापर्यंत जायचा छबूबाईला कंटाळा आला. तिनं उकिरड्याजवळचा टाकळा खुडला, तोही पिवळाच, आणि माळ आक्काच्या हातात देऊन म्हणाली, "तरवड हाय." चाळीस वर्षं घटाला तरवडाशिवाय दुसरं फूल न घालणारी बाई! तिनं माळ चाचपली, नाकाला लावली आणि "घाल" एवढंच म्हणाली. तेव्हापासून छबूबाईला एकच प्रश्न छळतोय. आक्काला कळलं होतं का?

"आक्का, गेल्या साली ती माळ..."

"शेळीला पानी दावलंस का?"

"दावलं. ती माळ, आक्का..."

"सुती दोरा घ्यावा. ह्यो नायलॉनचा, फुलं कापतोय."

ओटा कुठेच नाही. दोघी टेकडीवर आहेत, कमरेइतक्या तरवडात, आणि प्लॉटचा एकही दगड दिसत नाही. आक्का भराभरा खुडत पुढे जाते. छबूबाई मागे धावते, तर तरवडाच्या पलीकडे डोळ्यांच्या दवाखान्यातली खाट. चादरीवर फुलांचा ढीग, आणि आक्का खाटेवर मांडी घालून बसलेली.

"आवं, बोला की! कळलं व्हतं का न्हाई?" छबूबाई ओरडतेच. नर्स ओठांवर बोट ठेवते.

"आण ती माळ इकडं," आक्का म्हणते. "तुला ह्या जन्मी जमायची न्हाई." आणि डाव्या हातानं, नेहमीसारख्या उलट्या गाठी मारत बसते.

जिवंत होती तेव्हाही हेच. विचारावं एक, उत्तर भलतंच. मेल्यावर तरी माणसानं सुधारावं! छबूबाईला रडू फुटतं, रागाचं.

शेळी ओरडते. छबूबाई दचकून जागी होते. ओटा, ऊन, मांडीवर माळ.

माळ पुरी झालीय. शेवटच्या चार गाठी उलट्या आहेत, डाव्या हाताच्या. आणि त्यांच्यामध्ये एक बारकं पिवळं फूल, देठाला पान तसंच. छबूबाई ते पान चुरगाळते. टाकळ्याचा तो उग्र वास. यंदा तिनं टाकळ्याला हातसुद्धा लावलेला नाही.

"मंग तवाच का न्हाई बोलला, आक्का?" ती रिकाम्या ओट्याला विचारते. "सालभर जीव खाल्ला माझा!"

मग पदरानं डोळे पुसते, आणि ते फूल तसंच ठेवून माळ घटावर घालायला उठते.