एकदाच विचारणारं गाव

पुण्याहून कोणी यायचं ठरलं की फोनवर पहिला प्रश्न, "तुमच्याकडे खायला कुठे जायचं गं?" आमचं गाव बव्हेरियातलं, डॅन्यूबच्या काठचं, प्रवाशांचं फार लाडकं. मी सांगते, पुलाजवळ सॉसेज भाजतात, शाकाहारी असाल तर नुसता धूर घ्या. चर्चमागच्या खानावळीत चीजमध्ये लडबडलेले, वर तळलेला कांदा घातलेले केसश्पेट्झ्ले नावाचे नूडल्स मिळतात, दोन घासांत पोट गच्च. आणि नदीकाठचं बिअर गार्डन. तिथे पेय त्यांच्याकडून घ्यायचं, डबा आपला न्यायचा. तिथली जुनी रीतच आहे ती.

बाबांना मी शेवटी तिथेच नेलं, कारण बाकी ठिकाणचं त्यांच्या घशाखाली उतरेना. आई गेल्यावर ते पुण्याचा फ्लॅट बंद करून आमच्याकडे आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्या रिकाम्या घरात त्यांना परत जायचं नव्हतं. जीव गेला तरी बोलले नसते, पण मला कळत होतं. मी गुपचूप आउसलेंडरबेहोर्डेचे, म्हणजे परदेशी लोकांच्या त्या कचेरीचे, उंबरे झिजवून आले होते. आईवडिलांना ठेवून घेता येतं म्हणे आता, पण फक्त आता नव्याने नोकरीला येणाऱ्यांना. आम्ही आधी आलो हाच आमचा गुन्हा! बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मग आपण होऊन कशाला सांगायचं?

तर बाबांचं परतीचं विमान दोन दिवसांवर, आणि आम्ही तिघं, मी, नवरा आणि बाबा, झाडांखालच्या लांबलचक बाकावर. समोर एक जर्मन म्हातारा एकटाच, पांढऱ्या मुळ्याच्या पातळ चकत्या करून त्यांवर मीठ भुरभुरत बसलेला. त्याने ताटली बाबांकडे सरकवली. "बिटे."

"नो, नो, थँक्यू!" बाबा म्हणाले. ताटली तशीच परत गेली.

आता आपल्या माणसाचा पहिला नको म्हणजे काय असतं? रीत! दुसरा नको भिडेचा. तिसऱ्यांदा माणूस घेतो. बाबा हात टेबलावर ठेवून वाट बघत होते. म्हाताऱ्याने शेवटची चकतीसुद्धा स्वतःच खाल्ली. मला असा संताप आला! अरे बाबा, अजून एकदा विचारलं असतंस तर तुझं काय बिघडणार होतं? पण त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? इथे नको म्हणजे नको. गेनाऊ, अगदी तंतोतंत.

"एकदाच विचारलं गं त्यानं," बाबा हळूच म्हणाले.

मग मी डबा उघडला आणि सगळा राग आग्रहात काढला. "अजून एक पोळी." "नको." "अर्धी तरी." "पुरे गं." "बटाट्याची भाजी तुमच्यासाठीच केलीय, माझी शपथ आहे!" घेतली त्यांनी. कितीतरी दिवसांनी चवीने जेवत होते. मला इतकं बरं वाटलं की जीभ आवरेना. दारापर्यंत पोचलेल्या पाहुण्यालासुद्धा आपण म्हणतोच ना, तसं म्हणून गेले, "बाबा, राहा ना अजून."

"नको. तुम्हाला तुमचे व्याप."

"व्याप कसले? खोली रिकामीच तर आहे."

नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला. मी कसली थांबतेय!

"जावयाच्या घरी किती दिवस राहायचं माणसानं?"

"लोकांचं सोडा हो. राहाच तुम्ही."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरं," ते म्हणाले. "एवढं म्हणतेस तर राहतो."

त्यांचा चेहरा किती उजळला होता! समोरच्या म्हाताऱ्याला ते आपणहून इंग्रजीत म्हणाले, "आय अ‍ॅम स्टेइंग. विथ माय डॉटर." तो म्हणाला, "शोन!", म्हणजे छान, आणि बिअरचा मग उंचावला. बाबांनी सफरचंदाच्या सोड्याचा ग्लास त्याला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आल्यापासून वाट बघत होतो, कधी म्हणतेस म्हणून."

नवरा नदीकडे बघायला लागला. सांगणं मलाच भाग होतं. सांगितलं. व्हिसा, कायदा, कचेरी, सगळं. मधेच रडू फुटलं, तरी सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. उरलेली पोळी दुमडून डब्यात ठेवली आणि झाकण दाबून लावलं.

"अगं वेडे, रडतेस काय? तू इतकं म्हणत होतीस म्हणून आपला मान ठेवला तुझा. मला कुठे राहायचंय इथे? पुण्याला सगळं आहे माझं."