एसटीच्या नियमाने थीम पार्क

थीम पार्कच्या तिकिटांचा हिशोब मी एसटीच्या नियमाने केला. बायकांना अर्धं, पोरांना अर्धं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. मी पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो. आमच्या गावात, दुसरबीडमध्ये, कोणाच्या लग्नाचा खर्च काढायचा असला की लोक मला बोलावत. आता कमी बोलावतात.

हा हिशोब चालला होता तेव्हा माझ्याशेजारी आमचे शेजारी उभे होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. उभे होते म्हणजे खरोखर उभे होते, चांगले दोन तास. एक हात दाराच्या चौकटीला वर धरलेला, दुसऱ्या हातात स्वतःच्या घराची किल्ली, आणि ती किल्ली चौकटीवर टक टक. नोकरीत असताना तिकिटाचा पंच ते असाच दांडीवर वाजवायचे. निवृत्तीच्या दिवशी पंच डेपोत जमा झाला, पण हाताची सवय कोण जमा करून घेणार? टकटक झाली की पाठोपाठ त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"कोण राह्यलं?"

हा प्रश्न ते कुठेही विचारत. पिठाच्या गिरणीत डबे रांगेला लागले की, "कोण राह्यलं?" शाळेत मतदान असलं की, "कोण राह्यलं?" एकदा शेजारच्या बीबी गावात एका लग्नात ते पंगतीतून फिरून "बुंदी कोणाची राह्यली, भाजी कोणाची राह्यली" असं विचारत सुटले. नवरीकडच्यांना वाटलं हे नवरदेवाचे मोठे काका, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीचे मामा. निघताना दोन्हीकडून टॉवेल-टोपी मिळाली. काकांचं आमंत्रण खरं तर शेजारच्या मांडवातलं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी संपते, पण ड्युटी काही संपत नाही.

त्यांची बायको फार आधी गेली होती. मुलगी अकोल्याला दिलेली. त्यामुळे त्यांची संध्याकाळ आमच्या दारात जायची. चौकटीशी येऊन उभे राहत. आई म्हणायची, "भाऊजी, बसा ना."

"राहू द्या वहिनी, हा निघालो."

"चहा घ्या."

"आत्ताच झाला."

आई पुन्हा म्हणायची, ते पुन्हा नाही म्हणायचे. तिसऱ्यांदा म्हटलं की ओट्याच्या कडेला अर्धे टेकत आणि चहा पूर्ण पीत. वर थोडा आणखी मागत. पहिल्या आग्रहाला हो म्हणणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीत हावरा समजतात. काकांचं नाही हे तिसऱ्यांदा विचारेपर्यंतच असतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला तर चांगलंच माहीत होतं.

थीम पार्कची टूम काढली माझ्या धाकट्या भावानं. आम्ही चार भाऊ, चौघांच्या बायका, पोरं आणि आई, असे सगळे मिळून अठरा. त्या साली सोयाबीनला बरा भाव लागला होता. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी एका गाडीनं जायचं, मुंबईच्या अलीकडे ते मोठं पार्क आहे तिथं, असं त्यानं जाहीर केलं आणि मोबाईलवर सगळ्यांना त्याचा व्हिडिओ दाखवला. पाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या. शेवटी एक छोटी रेल्वे आली. रंगीत डबे, खोट्या डोंगरातून जाते, बोगद्यातून बाहेर येते.

काका चौकटीवरून वाकून बघत होते. किल्लीची टकटक थांबली.

"हे काय हाय बे?"

"रेल्वे आहे काका. आत फिरवते."

"बसाले जागा असते?"

"प्रत्येकाला."

"अन् तिकीट?"

"गेटवरच घेतात एकदा. आत कोणी विचारत नाही."

काकांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "सारी जिंदगी चालत्या गाडीत उभ्यानं गेली. मले यात बसाचं हाय. कोणी चालवो, कोणी फाडो तिकीट, मी कोणाकडं पाह्यणार नाही."

आई म्हणाली, "मंग चला ना भाऊजी." तिघीचौघी सुना म्हणाल्या, चला. दोन नकार देऊन काका हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी वर्गणी त्यांनीच आणून दिली. माझ्या सख्ख्या भावांकडून ती काढायला मला दिवाळी उजाडली.

आता माझ्या हुशारीकडे येऊ. मोठ्या माणसाचं तिकीट केवढ्याला ते मी मोबाईलवर पाहिलं. तेवढंच पाहिलं. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं, पण बारीक अक्षरं लोकांना वाचून दाखवणं हे माझं रोजचं काम. सुट्टीत कोण वाचतं?

"बायांचं अर्धं धरा," काका म्हणाले.

"लेकरांचंही," मी म्हणालो.

"वहिनी पंचाहत्तरीच्या वर हायेत. त्यायचं फुकट."

"अर्थात."

धाकट्यानं विचारलं, "दादा, नक्की ना? हे पार्क खाजगी हाय."

"नियम तो नियम," मी म्हणालो. पतसंस्थेत हे वाक्य फार चालतं. समोरचा गप्प बसतो. तोही बसला.

पहाटे निघालो. समृद्धी महामार्गावर टोल लागतो हे मला माहीत होतं, तो एवढा लागतो हे माहीत नव्हतं. तरी मी गाडीत पुढे बसून सगळ्यांना सांगत होतो की हिशोबात थोडे पैसे उरतील, येताना आइस्क्रीम. काका मागे उभे. बसायला जागा होती, पण गाडी सुरू झाली की त्यांना बसवतच नसे. "कोण राह्यलं?" त्यांनी दर थांब्यावर विचारलं आणि डोकी मोजल्याशिवाय गाडी हलू दिली नाही.

गेटवरच्या खिडकीत एक मुलगी होती. मी तिला ऐटीत सांगितलं, इतक्या बायका अर्ध्या, इतकी पोरं अर्धी, एक फुकट.

"अर्ध्या म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे महिला."

"सर, महिलांना फुल तिकीट आहे. मुलांचं उंचीवर आहे. तिथं पट्टी आहे, उभं करा."

आमच्या घरात सगळे उंच. आठ वर्षांचं पोरगंही त्या पट्टीच्या वर निघालं. माझ्या पुतण्याला गुडघ्यात वाकायला सांगितलं, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काऊन वाकू? मी तं वर्गात सगळ्यात उंच हाव!" तेवढ्यात आई खिडकीशी गेली. "मी फुकट हाय वं माय," तिनं त्या मुलीला प्रेमानं सांगितलं. ज्येष्ठांना थोडी सूट होती, पण मूळ आधार कार्ड दाखवलं तरच. ते दुसरबीडला, देव्हाऱ्याच्या खणात.

पोरं गेटला लटकून ओरडत होती. म्हणून आधी बायकांची आणि पोरांची तिकिटं काढली आणि त्यांना आत पाठवलं. आईही गेली. मग आम्ही पुरुष राहिलो. भावांनी खिसे उलटे केले, मोबाईलमधली शिल्लक रिकामी केली. परतीचं डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता बाजूला ठेवला, तर एक तिकीट कमी पडलं. अगदी एकच.

कोणाला तरी फोन करून पैसे मागवता आले असते. गावात पाच माणसं तरी होती ज्यांनी लगेच पाठवले असते. पण मग पतसंस्थेच्या कारकुनाचा हिशोब चुकला हे आम्ही घरी पोचायच्या आत गावभर झालं असतं. मी मोबाईल हातात धरून तेवढा विचार करत होतो, तोच पहारेकऱ्यानं बायकांबरोबर आत गेलेलं आमचं गाठोडं परत आणून टाकलं. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. भाकरी, ठेचा, बेसन, चिवडा, सगळं आमच्या पायाशी.

काका म्हणाले, "मी बसतो भायेर. ह्या गठड्यापाशी कोणी तं पाहिजे."

"नाही काका, असं कसं," मी म्हणालो.

"जा बे. लेकरं आत वाट पाहून राह्यले. मले काय करायचं त्या पाळण्यात?"

मी गेलो.

एकदाच विचारून गेलो. दुसऱ्यांदा विचारलं नाही, तिसऱ्यांदा तर नाहीच. वळून पाहिलं तेव्हा काका गाठोड्याशेजारी उभे होते, बसलेले नव्हते.

आत आई रेल्वेच्या रांगेत अगदी पुढे होती. तिनं मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. "भाऊजी कुठं हायेत?"

मी सांगितलं. ती तशीच रांगेतून बाहेर आली, बाकावर बसली, आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत, जेवणापुरती उठली तेवढं सोडलं तर, दिवसभर तिथंच राहिली. मी रेल्वेत बसलो. चांगली होती, एवढंच सांगतो.

दुपारी हातावर शिक्का मारून आम्ही जेवायला बाहेर आलो. पार्किंगच्या कडेला झाडाखाली काकांनी सतरंजी अंथरली होती. दोन परक्या गाड्यांचे ड्रायव्हर आणि तिथला शिट्टीवाला असे तिघे आमचा ठेचा खात नाक पुसत होते. काका गाडीच्या दाराला धरून उभे, किल्ली दारावर टक टक.

"या, या. हात धुवा. कोण राह्यलं?"

त्यांनी सगळ्यांना वाढलं. आईनं त्यांच्या पानात भाकरी टाकली आणि त्यांना बळंच बसवलं. तीनदा म्हणावं लागलं नाही. तिच्या आवाजात काहीतरी होतं, ते ऐकून ड्रायव्हरही सावरून बसले.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. गेटवर तिकीट म्हणून हाताला बांधलेली कागदी पट्टी ओढून काढली आणि काकांना दिली, म्हटलं तुम्ही जाऊन या. गेटवरच्यानं ती फाटलेली पट्टी पाहिली, काकांना परत पाठवलं आणि मलाही आत घेतलं नाही. दुपारनंतर आम्ही दोघं झाडाखाली होतो. काका माझी समजूत घालत होते. खरं तर हे काम माझं होतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी एका पुतणीला विचारलं, "काव पोरी, रेल्वेले खिडकी होती?"

"नाही आजोबा. चारी बाजूनं उघडीच होती."

"मंग काय मजा," काका म्हणाले. "खिडकीच नाही तं कशाची रेल्वे." आणि बोगद्यात अंधार किती होता, डबे किती होते, वळणावर धक्का बसतो का, हे सगळं दुसरबीड येईपर्यंत विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची वर्गणी परत द्यायला गेलो. नको म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हाही नको. चहाचा नियम पैशाला लागू नव्हता. "पुढच्या दिवाळीत धर ते," ते म्हणाले. "पण माह्यं पूर्ण तिकीट धरजो बे. अर्धं नको." आणि हसले.

उन्हाळ्यात काका गेले. सकाळी नळाला पाणी आलं होतं, आमच्याही दोन घागरी त्यांनीच भरून ठेवल्या. मग आमच्या ओट्यावर टेकले आणि गेले. आईनं बसा म्हटलंही नव्हतं. अकोल्याहून मुलगी आली, दिवस केले, घराला कुलूप लावून किल्ली आमच्याकडे ठेवून गेली. ती आमच्या चौकटीजवळच्या खिळ्याला आहे. वारा आला की भिंतीवर आपटते. मी एक-दोनदा उठून दाराशी जाऊन आलो आहे.

त्या दिवाळीत पुन्हा त्याच पार्कला जायचं ठरलं. या वेळी मी सगळी बारीक अक्षरं वाचली. पोरांना भिंतीशी उभं करून टेपनं मोजलं. आईचं मूळ आधार कार्ड स्वतःच्या पाकिटात ठेवलं. टोल धरला, आतलं जेवण धरलं, आइस्क्रीमही धरलं. तिकिटं पंधरा दिवस आधी मोबाईलवर काढली. मोजताना नेहमीसारखंच मोजलं, आपण अठरा आणि काका. बायकोनं विचारलंही, "पैसे जरा जास्त दिसतात का?" मी म्हणालो, "दर वाढलेत."

गेटवर पहारेकऱ्यानं माझा मोबाईल मशीनवर धरला आणि आम्हाला एकेक करून आत सोडलं. पोरं गेली, बायका गेल्या, भाऊ गेले. आई आणि मी शेवटी.

"साहेब, एकोणीस तिकिटं आहेत. तुमचे अठराच झाले," तो म्हणाला. "कोण राहिलंय?"

मी मागे पाहिलं. पार्किंग, झाड, झाडाखाली कोणाची तरी मोटरसायकल.

आईनं पदर सारखा केला आणि त्या पहारेकऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "भाऊजी जिते होते तं भायेर बसवले, अन् आता तिकीट काढून राह्यला येडा."