नगरहून आलेलं उत्तर

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! कप तेवढा खाली ठेवा.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. शेवगावजवळच्या एका साखर कारखान्यात मी टेलिप्रिंटर बसवत होतो. एका यंत्रावर आपण टाइप करायचं, ते तारेतून नगरच्या ऑफिसात उमटणार, आणि नगरचं उत्तर आपल्या शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर येणार. माझी नोकरी कच्ची. हे जमलं तर कायम झाल्याचा कागद मिळणार होता. मुलीकडचे तर हटूनच बसलेले, "आधी कागद दाखवा, मग साखरपुडा!"

चेअरमन अण्णांनी नारळ फोडला. मी घामेजल्या बोटांनी टाइप केलं, 'राम राम'.

खडखडखड! दुसऱ्या यंत्रावर उमटलं, 'राम राम'.

टाळ्याच टाळ्या! मला तर रडूच आलं.

"आरं, नगरवाले लई चपळ झाले की!" अण्णा खूश. "इचारा, मशीनचा पट्टा कवा पाठवताय?"

विचारलं. उत्तर आलं, 'मशीनचा पट्टा कवा पाठवताय?'

"आँ? पट्टा त्यांच्याकडं हाय, आन आमालाच मागत्यात व्हय?"

"अण्णा, लाइन नवीन आहे ना..." मी पुटपुटलो. लाइनचा आणि त्याचा काय संबंध, मला तरी कुठं ठाऊक होतं!

"लिव्हा, चेअरमन बोलतोय."

उत्तर, 'चेअरमन बोलतोय'.

"नगरात दुसरा चेअरमन कवा झाला?" अण्णांच्या मिशा थरथरायला लागल्या. "लिव्हा! तू गाढव हाईस!"

नको नको म्हणत लिहिलं. लगेच तेच परत आलं, चेअरमनच्या तोंडावर! अशा वेळी माणसानं बघायचं कुठं? मी छताकडे बघितलं. गेली आपली नोकरी, गेली मुलगी.

तेवढ्यात फोन वाजला. नगरचे मॅनेजर होते.

"काय म्हनता?" अण्णा ओरडले. "सकाळपासनं तुमच्याकडं एक अक्षर आलं न्हाई?"

यंत्रांमागं वाकून बघतो तर काय! आदल्या दिवशी तपासणीसाठी मी एका यंत्राची तार थेट दुसऱ्याला जोडली होती, ती तशीच. नगरची तार भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. विचारणारा मीच, उत्तर देणाराही मीच!

मी सगळं कबूल केलं. अण्णांनी यंत्रातला कागद फाडला, शेवटच्या ओळीखाली झोकात सही केली आणि माझ्या हातात दिला.

"घ्या, इंजनेर. बराबर पत्त्यावर आलंया."

संध्याकाळी मुलीचे वडील दारात हजर. "काय, मिळाला का चेअरमनच्या सहीचा कागद?"

मिळाला होता हो! पण दाखवू कसा?