ड्युटीची भाकरी

दुष्काळाच्या वर्षी आमच्या शाळेच्या कँटीनमध्ये काय मिळणार हे पाण्यावर ठरायचं. पोहे बंद, कारण ते धुवावे लागत. मिसळ बंद, कारण ताटल्या धुवाव्या लागत. भजी चालू, कारण ती वर्तमानपत्राच्या तुकड्यावर देता येत. चहा फक्त मास्तरांना, तोही निम्मा कप. टँकर आला की टिपाड भरायचं, झाकण लावायचं, झाकणाला कुलूप. किल्ली माझ्याकडे असायची. मी दहावीत होते आणि विद्यार्थी सहकारी भांडाराची चिटणीस होते.

भांडार म्हणजे पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग. एका बाजूला कँटीनची चूल, दुसऱ्या बाजूला आमची खिडकी. वह्या, रिफिली, कंपास, राजगिऱ्याचे लाडू, खारे दाणे, लिमलेटच्या गोळ्या. माल पाटोद्याच्या बाजारातून यायचा. शाळेतलं प्रत्येक पोर भागधारक. संचालक मंडळ, वार्षिक सभा, इतिवृत्त, सगळं साखर कारखान्यासारखं. भांडार सांभाळणाऱ्या सरांनी पोटनियम कारखान्याच्या छापील पुस्तिकेवरूनच उतरवले होते. ऊस आणि साखर एवढं गाळलं होतं.

एक नियम मात्र आमचा स्वतःचा होता. मधल्या सुट्टीत खिडकीवर गर्दी असायची, त्यामुळे ड्युटीवरच्यांना डबा खायलाही वेळ मिळत नसे. म्हणून वर्षभर ड्युटी करणाऱ्या संचालकांना रोज दुपारी कँटीनचं जेवण मिळे. ज्वारीची भाकरी आणि पिठलं, कधी नुसता ठेचा. कँटीनच्या मावशी ते शेवटी, गर्दी ओसरल्यावर वाढायच्या. बहुतेक संचालकांना त्या भाकरीचं काही वाटत नसे. त्यांना नावापुढे 'संचालक' लागलं की पुरे होतं.

नववीतल्या एका मुलीला मात्र ती भाकरीच हवी होती. ती वस्तीवरून चालत यायची. आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जायचे आणि ती चुलत्याकडे मागे राहायची. त्या साली आईला नवं बाळ झालं होतं, घरात दाणे कमी होते आणि बापाने तिला बरोबर न्यायचं ठरवलं होतं. बाळ सांभाळेल, मोळ्या बांधेल. एकदा गेली की ती उन्हाळ्यातच परत येणार आणि तिची नववी बुडणार, हे सगळ्यांना कळत होतं.

"चुलती म्हणती, रातच्याला मी घालीन, दोन टायमाचं न्हाई जमायचं," तिने मला खिडकीशी सांगितलं. "आन बाप म्हणतो, दुपारी उपाशी पोरगी मागं ठिवून मी तिकडं ऊस तोडू का? ताई, मला ड्युटी मिळाली की झालं. मंग त्यो ठिवतो मला."

"अर्ज भर. सभा शनिवारी आहे."

"ट्रक त्याच्या आदी आला तर?"

इथे काहीच काम उरलं नव्हतं, त्यामुळे त्या साली ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकने लवकर हलत होत्या. रस्त्यावर मोठी गाडी वाजली की ती वर्गातून मान लांब करून बघायची. मधल्या सुट्टीत शेडभोवती घिरट्या घालायची, मावशींना काटक्या मोडून द्यायची, परत फाटकाकडे जायची. मीही तशीच झाले होते. दिवसभराची कामं कागदावर लिहून एकेक खोडणारी मी, त्या आठवड्यात खोडलेलं काम परत करायला निघायचे. टिपाडाचं कुलूप लावलंय की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे.

मुलांचं वेगळंच चाललं होतं. दहावीच्या दोन पोरांनी दोन पॅनल केले होते आणि मोठ्या माणसांसारखं एकमेकांचे मतदार फोडत होते. एकाने आठवीचा अख्खा वर्ग लिमलेटच्या गोळ्यांवर फिरवला. सर वैतागले. निवडणूक झाली की भांडणं, भांडणं झाली की हेडमास्तर. त्यांनी दोन्ही पोरांना बोलावून बिनविरोधचा घाट घातला. जागा निम्म्या निम्म्या वाटल्या. अध्यक्षपदावर मात्र कुणीच मागे सरेना, तेव्हा सरांना ते सुचलं. यंदा मुलगी अध्यक्ष करू. ऊसतोड घरातली, नववीतली तीच, तिचा अर्ज आलेलाच होता. कारखान्याचे एक संचालक पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर शोभून दिसेल. दोघा पोरांचीही सुटका झाली. दुसरा जिंकला नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. तिला कुणी विचारलं नाही. आमच्याकडे अध्यक्ष व्हायला कुणी नको म्हणेल, असं कुणाच्या डोक्यातच येत नसे. मलाही हे सभेतच कळलं.

शनिवारी पिंपळाखाली सतरंज्या टाकल्या. सर एकेक ठराव वाचत आणि वाक्य संपायच्या आत पोरं "मंजूर, मंजूर" ओरडत. कारखान्याच्या सभेत बाप तसंच करायचे, ते पोरांनी पाहिलेलं होतं. फाटकाशी तिचा बाप उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून. टोळीच्या मुकादमाचा निरोप आला होता. ट्रक उद्या सकाळी.

सरांनी तिचं नाव अध्यक्ष म्हणून पुकारलं. मंजूर, मंजूर. पाहुण्यांनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. ती खुर्चीत बसली, उठली, परत बसली आणि मग उभीच राहिली.

"सर, अध्यक्षाला ड्युटी कोणत्या टायमाची असती?"

"अध्यक्षाला कसली ड्युटी? तू देखरेख करायची."

"मंग दुपारचं जेवण?"

पोरं हसली. सरांनी पोटनियमांची वही उघडली. पदाधिकाऱ्याने संस्थेकडून कोणताही लाभ घेऊ नये. ते मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज खाली खाली गेला. पाहुणे खाकरून म्हणाले, "आसा नियम हाय व्हय? आमच्यातबी?" मास्तर मंडळी जमिनीकडे बघत बसली.

"मंग मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. हार काढून तिने टेबलावर ठेवला, नीट, फुलं तुटू न देता.

सर म्हणाले, "अगं, खाली बस. मान दिलाय तुला सगळ्यांनी."

"मान ऱ्हाऊ द्या, सर. मला खिडकीवर बसवा."

"ड्युटीच्या जागा भरल्या आता. ठराव झालाय."

मी उठले. काय बोलायचं ते ठरवून उठले नव्हते, पण ठरावातली ड्युटीची यादी मी नुकतीच इतिवृत्तात उतरवली होती आणि ती माझ्या डोळ्यापुढे होती. दोन पॅनलवाल्यांपैकी एकाचं नाव ड्युटीत होतं. तो अध्यक्ष झाला तर त्याची जागा मोकळी होते, एवढंच मी म्हणाले. तो लगेच खुर्चीकडे निघाला. दुसऱ्याला पाहुण्यांसमोर भांडता येईना, तो नुसता मागून ओरडला, "बस की बे, याचसाठी तर चालवलंवतं सगळं." पाहुण्यांनी तोच हार उचलून त्याच्या गळ्यात घातला. सरांनी कपाळ पुसलं आणि दोन्ही नावं बदलून ठराव परत वाचला. मंजूर, मंजूर.

तिचं लक्ष फाटकाकडे होतं. तिथे बाप नव्हता.

तो शेडमध्ये गेला होता. मी आणि ती मागोमाग धावलो. तो चुलीपाशी उकिडवा बसून मावशींना विचारत होता, "रोज मिळती का? का पाव्हणं आलं की तेवढी?"

"रोज," मावशी म्हणाल्या. "मी थापते ना."

"पीठ सरलं तर?"

"तर मी माझ्या घरनं आणते. तुमी जावा बिनघोर."

त्याने टॉवेलाने मान पुसली, भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं उचलून बघितलं, परत झाकलं. मग लेकीला म्हणाला, "चुलतीला शेण काढू लागायचं. उलटं बोलायचं न्हाई."

रविवारी ट्रक गेला नाही, काही कारणाने. सोमवारी सकाळीही गेला नाही. तिची पहिली ड्युटी सोमवारी होती आणि ट्रक अजून गेलेला नाही हे तिला माहीत होतं. खिडकीतून रस्ता दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तिने दाण्यांची बरणी लाडवांच्या जागी ठेवली, लाडू वह्यांवर ठेवले, परत सगळं पहिल्यासारखं लावलं. मधली सुट्टी झाली. एका पोराने रिफिल मागितली, तिने पट्टी दिली. त्याच वेळी बाहेर ट्रक आला. वर माणसं, बोचकी, कोंबड्या, बायकांचा कालवा. फाटकापाशी चढ आहे, तिथे गाडी हळू झाली. एक बाळ रडत होतं.

मी म्हणाले, "जा, बघून ये. मी थांबते खिडकीवर."

"नगं," ती म्हणाली. "बघितलं तर चढंन मी वर." आणि पुढच्या पोराला, "तुला काय पायजे?"

गर्दी ओसरल्यावर मावशींनी भाकरी-पिठलं तिच्यापुढे ठेवलं. ती उभ्यानेच भाकरी मोडू लागली.

"बसून खा की," मावशी म्हणाल्या.

"गेला का ट्रक?"

"कवाच."

तेव्हा ती बसली.