टाकीमागचा मामा

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. फक्त एक अट आहे. मध्येच कुणी "पण खिशात मोबाइल होता ना?" असं विचारायचं नाही. ते मला सगळ्यांनी विचारून झालंय. सुनीता, म्हणजे आमची मंडळी, अजूनही अधूनमधून विचारते.

तुम्हाला माहीतच आहे, मी इथं जळगावात ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघतो. आठवडाभर आकडे आणि रविवारी सकाळी मेहरूण तलावावर पक्षी. कॅमेरा साधाच, त्याच्यासोबत आलेला लहान लेन्स. त्या लेन्सनं खंड्याचा फोटो काढला तर फोटोत तलाव दिसायचा, झाडं दिसायची, पलीकडचा भेळवाला दिसायचा, आणि कुठंतरी एक निळा ठिपका. तो खंड्या. मी लोकांना बोट ठेवून दाखवायचो.

शेजारी उभे राहणारे लोक मात्र तोफेसारखे लेन्स घेऊन यायचे. त्यांच्या फोटोत खंड्याच्या चोचीतल्या माशाचा डोळा दिसायचा. आता सांगा, माणसाचा जीव जळणार नाही का?

मग मी लेन्स शोधायला लागलो. परवडणारे होते ते हात जरा हलला की पक्ष्याचं भूत करायचे. हात हलला तरी चालेल असे होते, ते परवडत नव्हते. आणि ज्याच्यावर खरं मन बसलं होतं, तो मोठा झूम, त्याच्या किमतीत बरी स्कूटर आली असती. जेवताना मी लेन्सबद्दल वाचायचो, आंघोळीला जाताना वाचायचो. सुनीता म्हणाली, "इतका अभ्यास कॉलेजात केला असता तर आज तुमचा हिशेब दुसऱ्यानं बघितला असता."

शेवटी धुळ्याचे एक नाना सापडले. त्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता, आता सगळं आवरत होते. त्यांच्याकडे तो मोठा झूम होता, जुना पण धडधाकट. एस.टी.नं गेलो. नानांनी कपाटातून काढून तो माझ्या हातात दिला आणि हात खाली गेला, एवढा जड. मी दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या माणसाकडे रोखला तर त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. झालं. मी तिथंच विकला गेलो.

पैसे थोडे कमी पडत होते. नाना म्हणाले, "तुमचा लहान लेन्स देऊन टाका, जमून जाईल."

मी सुनीताला फोन लावला. ती म्हणाली, "मग जवळचं कशानं काढणार?"

"जवळचं काय, मोबाइलवरही येतं."

हे मी म्हणालो. मीच. हे वाक्य तिनं पाठ करून ठेवलंय.

तलावावर पुढचे रविवार फार सुखाचे गेले, ते सोडा. उन्हाळ्याच्या तोंडावर रावेरहून अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण. सासर केळीवाल्यांचं. तिच्या कीर्तीचं जमलं होतं आणि साखरपुडा घरीच अंगणात करायचा होता. मुलाकडची मंडळी धुळ्याकडची. माणसं चांगली, पण जरा करडी.

अक्का म्हणाली, "जगू, तुले आदल्या दिसीच या लागीन. मामा हायेस तू."

मी म्हणालो, "येतो. आणि अक्का, फोटोवाला अजिबात सांगू नको. मी आहे ना. असा लेन्स घेतलाय की पोरीच्या पापण्या मोजून घे."

ती बिचारी खूश झाली. तिनं भावकीत सगळ्यांना सांगितलं, जगूनं मोठं मशीन आणलंय.

साखरपुड्याच्या सकाळी मी कॅमेरा काढला. अंगणात लोक जमले, तोफ बघितली आणि पोरं बाजूला सरली. मी कीर्तीकडे रोखलं. नुसतं धुकं. दोन पावलं मागं गेलो, तरी धुकं. तेव्हा मला कळलं की हा लेन्स जवळच्या माणसाला ओळखच देत नाही. आणखी मागं भिंतीला पाठ लागेपर्यंत गेलो, तेव्हा ओळख दिली, पण फोटोत कीर्तीचा एक कान आणि अर्धा झुमका. अक्का आणि दाजी जोडीनं उभे राहिले, तर अक्काची नथ आणि दाजींची मिशी. मधला भाग कुणाचा ते मलाही सांगता येईना.

मोबाइल खिशात होता. हो, होता. पण अख्ख्या भावकीला 'मोठं मशीन' सांगितल्यावर मी खिशातून मोबाइल काढू? तेवढी अब्रू तेव्हा होती.

मग डोकं चाललं. लेन्स लांबचा आहे तर आपण लांब जावं. मांडव रस्त्याच्या बाजूनं उघडा होता आणि समोर रस्त्यापलीकडे एका घराची गच्ची होती, बाहेरून जिना. मालक शेतावर गेलेले, घराला कुलूप. मी दाजींना म्हणालो, "मी समोर जातो, तुम्ही सगळ्यांना ओळीनं उभं करा आणि समोर बघायला सांगा." दाजींनी मान हलवली. त्यांच्या कानाशी स्पीकर होता आणि ते आचाऱ्याला बट्टीसाठी तूप कुठं ठेवलंय ते सांगत होते. त्यांना माझं अक्षरही ऐकू गेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

वर ऊन असं की गच्ची तव्यासारखी. मी डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळला. लेन्सचं वजन हाताला पेलेना, म्हणून पाण्याच्या टाकीमागं बसलो आणि टाकीच्या कडेवरून तो बाहेर काढला. आता जरा डोळ्यासमोर आणा, खालून हे कसं दिसत असेल. मला त्या वेळी आणता आलं नाही. मला लेन्समधून कीर्ती दिसत होती. अहो, काय सुरेख दिसत होती पोरगी. मेंदीची रेघन् रेघ येत होती. एका वेळी एकच माणूस मावायचा, म्हणून मी तिचेच फोटो काढत बसलो.

खाली भटजींनी मामाला बोलावलं. मुलीला पाटावर आणून बसवायचं होतं. मामा सापडेना. मुहूर्त टळेल म्हणून दाजींच्या एका मावसभावाला टोपी घालून मामाच्या जागी बसवलं. हे सगळं मी वरून बघितलं आणि मनात म्हणालो, कुणाची तरी टोपी तिरकी आहे. कुणाची आणि का, हे डोक्यात आलंच नाही.

तेवढ्यात नवरदेवाच्या काकांचं वर लक्ष गेलं. त्यांना सगळे आबा म्हणतात, पांढरी मिशी, आवाज दमदार. त्यांनी दाजींना विचारलं, समोर टाकीमागं कोण आहे? दाजींनी हात कपाळाला लावून बघितलं आणि अगदी खरेपणानं म्हणाले, "तिथं कोणीच राहत नाही. मालक तर शेतात आहे."

मग बघणारा कोण? तोंड बांधून, लपून, मुलीचेच फोटो काढणारा? मुलाकडच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली. एका बाईनं विचारलंच, "पोरीचं आधी कुठं काही होतं का?"

हे मला पुढं कळलं. मला वरून एवढंच दिसलं की सगळा मांडव एकदम माझ्याकडे बघायला लागलाय. मी म्हटलं, चला, दाजींनी एकदाचं सांगितलं. मी टाकीमागून हात बाहेर काढला आणि खूण केली, हसा. कुणी हसेना. लोक लाजतात, आपणच मोकळं करावं लागतं. कीर्ती जरा मागं होती, तिला मी हातानं बोलावलं. पुढं ये, अजून पुढं ये.

तोंड बांधलेला एक माणूस समोरच्या गच्चीवरून नवरीला हातानं बोलावतोय. तुम्ही तिथं असता तर काय समजला असता?

कीर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला इतकं स्पष्ट दिसलं की मी भारावून गेलो. म्हटलं, माहेर सुटायचं दुःख आत्तापासूनच. आणि काढला फोटो. एक नाही, बरेच.

जिन्यावर पावलं वाजली. मुलाकडचे दोघं जण आले, दोघेही माझ्या दीडपट. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं रुमाल ओढला.

"तू कोन शे?"

"मी मामा आहे."

"कोना मामा?"

"पोरीचा मामा. कीर्तीचा."

त्यानं दुसऱ्याकडे बघितलं. दुसरा अगदी शांतपणे म्हणाला, "मामा खाले पाटजोडे बसेल शे. टोपी घालेल. आमी आतेच त्याले पाया पडीसन वनूत."

म्हणजे माझ्या जागी बसलेल्या मामाच्या ते नुकतेच पाया पडून आले होते. स्वतः मामा असून ते सिद्ध करता येत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये. मला रस्ता ओलांडून तसंच कॉलरला धरून आणलं. स्पीकर बंद झाला होता. रस्त्यावरून केळीची गाडी चालली होती, तिचा ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करून बघत गेला.

मांडवात अक्का उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं आधी मला बघितलं, मग माझ्या कॉलरवरचा हात बघितला. मग म्हणाली, "सोडा त्याले. हा मह्या भाऊ हाय."

ते 'भाऊ हाय' तिनं अगदी तसं म्हटलं, जसं गर्दीत हरवलेली पिशवी आपलीच आहे हे सांगताना माणूस म्हणतो.

आबा पुढं आले आणि मी लपून का बसलो ते विचारायला लागले. "भाऊ शेत, मंग टाकीमांगे दपी कसाले बठनात?"

मी सांगायचा प्रयत्न केला. नवरदेव, नवरी, भटजी, दोन्हीकडची माणसं, सगळ्यांच्या समोर मी लेन्स वर धरून सांगितलं, की हा जवळचं घेत नाही, याला लांब जावं लागतं, म्हणून.

आबांनी लेन्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरमाना मानसं दिखतस नही, मंग लिधा कसाले?" घेतला कशाला, म्हणे.

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कुणी, आणि हळूहळू सगळा मांडव हसला. ते हसले म्हणून साखरपुडा झाला. नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. पाटाजवळ मावसभाऊच बसला. उठवून मला बसवणं बरं दिसलं नसतं. फोटो ज्याचे त्यानं मोबाइलवर काढले आणि चांगले आले.

जेवणं झाल्यावर मी मागच्या पडवीत कॅमेरा बघत बसलो. कीर्तीचा तो रडतानाचा फोटो निघाला. मी आजवर काढलेला सगळ्यात स्वच्छ फोटो. पापणीवरचा थेंब वेगळा मोजता येत होता. आणि आता नीट बघितल्यावर कळत होतं, की पोरगी घाबरली होती. भेदरून गेली होती. इतक्या जवळून बघत होतो मी तिला, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी तो पुसून टाकला. सगळेच पुसले.

अक्का ताटात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी घेऊन आली. मी सकाळपासून उपाशी आहे, हे तेवढ्यातही तिच्या लक्षात होतं. ताट ठेवून शेजारी बसली.

"तुले मी फोटू काढाले नव्हतं बलावलं रे जगू," ती म्हणाली. "मामा म्हनून बलावलं होतं. फोटू तर तूच म्हनला."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बट्टी कुस्करत बसलो.

लग्नाला मात्र मी शहाण्यासारखा गेलो. कॅमेरा घरी कपाटात. अक्कानं भाड्यानं फोटोग्राफर सांगितला होता, तरतरीत गडी. मी टोपी घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत कीर्तीच्या शेजारी. मामा म्हणून जे जे करायचं ते सगळं केलं. आबा येऊन गळ्यात पडले. म्हणाले, "तुमनं टक्कल दखताच आमना पोरेस्नी समजी गयं व्हतं, हाऊ काही पोरगीना मांगे लागेल नही. पन तवलोंग कॉलर हातमा यी गयेल व्हती." म्हणजे टक्कल दिसेपर्यंत कॉलर धरून झाली होती.

महिन्याभरानं अल्बम आला. अक्का तो मुद्दाम जळगावला घेऊन आली. मी, सुनीता आणि ती, तिघं मिळून बघायला बसलो. एकेक पान उलटत गेलं. अक्का एकेका फोटोवर बोट ठेवून माझ्याकडे बघायला लागली, सुनीता तोंडाला पदर लावून बसली.

प्रत्येक फोटोत सगळी माणसं नवरीकडे बघताहेत. कुणी हसतंय, कुणी डोळे पुसतंय. आणि नवरीला अगदी चिकटून उभा असलेला मामा, मान वाकडी करून, डोळे बारीक करून, फोटोग्राफरच्या लेन्सवरचा नंबर वाचतोय.