नाईनसाहेबाची विहीर

स्वारगेटहून साताऱ्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या पर्समध्ये एका जर्मन माणसाचा फोटो होता, आणि त्यातला चेहरा कुणीतरी सुईने खरवडून काढला होता.

फोटो गेर्डाने पाठवलेला. मी पुण्यात जर्मन शिकवत होते, तेव्हापासूनची ही माझी पत्रमैत्रीण. फोटोतला लुडविग तिच्या पणजोबांचा भाऊ. एकोणिसाव्या शतकात तिच्या गावात त्याचं औषधांचं दुकान होतं, नगरसभेवरही तो निवडून आला होता. मग पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, माणसं मेली आणि हा सगळं टाकून हिंदुस्थानात निघून गेला. माणच्या वाटेवरच्या एका पेठेच्या गावातून त्याचं एकच पत्र आलं. "तो भित्रा होता का, एवढंच बघून सांग," असं गेर्डाने लिहिलं होतं. तिची तब्येत आता बरी नसते.

साताऱ्यात गाडी बदलली. कोरेगावला टायर पंक्चर झाला, म्हणून स्टँडसमोर घेवड्याची उसळ आणि भाकरी खाल्ली. पुढे ऊस संपला, उघडी माळरानं लागली. फाट्यावर उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. लिंबाखाली एक बाई मेंढरं घेऊन बसली होती. हिराबाई तिचं नाव. मी लुडविगबद्दल, औषधं देणाऱ्या त्या जुन्या गोऱ्या साहेबाबद्दल विचारलं.

"नाईनसाहेब व्हय? चला, त्याची हीर दावते."

विहीर गावाबाहेर होती. तोंडावर दगडी फरश्या, वर गंजलेली लोखंडी पट्टी. मेंढरं वीसेक पावलं अलीकडेच थांबली. हिराबाईने हाकललं तरी एकही पुढे येईना.

"हितं पानी मागू नगा, बाई," ती म्हणाली.

पण माझी बाटली रिकामी झाली होती आणि ऊन डोक्यात चढलं होतं. सवयीने बोलून गेले, "तहान फार लागली हो."

फरश्यांच्या खालून आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, कोरडा, अगदी शांत.

"नाईन."

थोड्या वेळाने पुन्हा तसाच.

"ऐकलं न्हवं?" हिराबाई हळूच म्हणाली. "इंग्रजीत नऊ. पटकीत आठ मानसं गेली, ह्यो नववं मागतोय. वर्साला बोकड देतो आमी. औंदा टँकर लय कमी येतोय, म्हनून येत्या आयतवारी दोन बोकडं कापून हीर उघडायचं ठरलंय."

जर्मनमध्ये 'नाईन' म्हणजे 'नाही, नको', हे मला तिथेच तिला सांगता आलं असतं. पण कान स्वतःचे असूनही त्यांच्यावर विश्वास बसेना. साहेबाच्या कंपाउंडरचं घराणं आता सांगलीला असतं, एवढं तिच्याकडून कळलं. तिचा फोन नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी विट्यावरून सांगली गाठली.

तिथल्या जुन्या गावभागात वसंतअण्णा भेटले, कंपाउंडरचे खापरपणतू. त्यांनी पुढ्यात भडंग ठेवलं आणि रेशमी फडक्यातून एक वही काढली.

"आमच्यात हे कुणालाच वाचता येत नाही," ते म्हणाले. "दसऱ्याला पूजा करतो, झालं."

वही जर्मनमध्ये होती. मी अडखळत वाचून मराठीत सांगत गेले, अण्णा डोळे मिटून ऐकत होते. लुडविगच्या गावातली विहीर नासली होती. त्याने पाणी तपासलं होतं, त्याला ते माहीत होतं. पण विहिरीभोवतीची दुकानं नगरसभेतल्या इतर सभासदांची. "पाणी चांगलं आहे," असा ठराव आला तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानेही हात वर केला. पुढे त्याच्याच दुकानातून लोक औषध नेत राहिले आणि मरत राहिले.

हिराबाईच्या गावात तेव्हा नगरपालिका होती, कलेक्टरने त्याला तिच्यावर नेमलं. पुन्हा विहीर, पुन्हा तोच वास. त्याने ती बंद करायला सांगितली. लोक म्हणाले, एवढं वाईट असेल तर पिऊन दाखव.

शेवटचं पान, आजवर कुणी न उलटलेलं, कंपाउंडरच्या मराठी अक्षरात होतं. साहेब सर्वांदेखत तांब्याभर पाणी प्याले. तिसऱ्या दिवशी गेले. लोकांनी त्याच संध्याकाळी विहिरीवर फरश्या टाकल्या.

अण्णांनी डोळे पुसले. मी तिथूनच हिराबाईला फोन लावला आणि शब्दाचा अर्थ सांगितला. पलीकडे मेंढरांची बें-बें चालली होती.

"म्हंजी त्यो मागत न्हवता?" ती म्हणाली. "मग आमी इतकी वर्सं बोकडं कशापायी कापली?"

रविवारचा बेत रद्द झाला. सरपंचबाईंनी फरश्यांच्या फटीतून विहिरीचं पाणी काढून तपासायला पाठवलं. 'पिण्यास अयोग्य' असा अहवाल आला.

पुण्याला परतल्यावर गेर्डाला लांबलचक पत्र लिहिलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं. फोटो परत पाठव, त्याला भिंतीवर लावायचा आहे. मला वाटलं, आपलं काम झालं.

परवा हिराबाईचा फोन आला.

"तुमी फोन केला त्या दिसापास्नं हिरीतला आवाज बंद हाय बगा. कोन भीत न्हाई आता. मेंढरं पार फरशीवर जाऊन बसत्यात. बाया धुनं वाळत घालत्यात."

ती आनंदात होती. मी मात्र विचारलं, अहवाल कुठे ठेवलाय?

"आसंल की पंचायतीत," ती म्हणाली. "कडंची एक फरशी हलाया लागलीय. जाऊबाई म्हनत हुती, आत पानी दिसतंय. लय निवळशंख."